दह्याचं दूध झालं तो दिवस

तात्या, तुमच्या पहिल्या दिवसाबद्दलची एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. तुम्ही शेडच्या दारात येऊन उभे राहिलात, तेव्हा तुम्हाला कामावर घ्यायचं नाही हे मी आधीच ठरवलेलं होतं. ओळखीच्या माणसाने शब्द टाकला होता, म्हणून चहा पाजायचा, चार गोष्टी बोलायच्या आणि वाटेला लावायचं, एवढाच बेत होता. भिगवणकडच्या कागदाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, साठी ओलांडलेला माणूस बारामती एमआयडीसीतल्या माझ्या एवढ्याशा शेडमध्ये येऊन करणार काय, असं मला वाटत होतं.

तुम्ही मोटारसायकल सावलीला लावलीत, टोपी काढून खिशात घातलीत आणि बसा म्हटलं तरी बसला नाहीत. टेबलावर आदल्या दिवशी केलेल्या फोटो कागदाचे तुकडे पडले होते. त्यातला एक उचललात, बोट जिभेला लावलंत आणि कागदाच्या एका बाजूला टेकवलंत, मग दुसरीला. दुसऱ्या बाजूला बोट किंचित चिकटलं.

"कोटिंग ह्या अंगाला हाय," तुम्ही म्हणालात. "पर कलर कच्चा ऱ्हायलाय."

मला राग आला. पुण्यात पॉलिमर शिकून, आठ वर्षं मोठ्या कंपनीत नोकरी करून मी इथे आले होते. त्या थराची जाडी मी स्वतः मोजली होती. तुम्ही गेल्यावर मात्र मी वही उघडली. आदल्या दिवशी मध्येच वीज गेली होती आणि पॉलिमर शिजवायच्या टाकीचं तापमान नव्वदच्या वर जायचं ते ऐंशीला अडकलं होतं. मी ते लिहून ठेवलं होतं आणि विसरले होते. कच्चाच होता तो. जे मी वहीत लिहून विसरले, ते तुम्ही बोटाने वाचलंत. संध्याकाळी मी फोन करून सोमवारपासून या म्हणाले, त्याचं कारण हे होतं. तुम्हाला वाटलं असेल, माणसाची ओळख कामाला आली.

आज तुम्हाला जाऊन पंचवीस दिवस झाले. पेपरात तुमचा फोटो आला होता, खाली मनमिळाऊ आणि मितभाषी असं छापलं होतं. ते वाचून मला हसू आलं, तात्या. मनमिळाऊ तुम्ही अजिबात नव्हतात. आणि मिक्सर चालू असला की त्याच्या वरताण आवाज चढवून तुम्ही दिवसभर बोलायचात.

कारखान्यात तुम्ही ज्या खात्यात तीस वर्षं काढलीत त्याचं नावच मला फार आवडायचं. कलर किचन. कागदावर चढवायचं पांढरं मिश्रण म्हणजे कलर, आणि ते शिजवायची जागा म्हणजे किचन. तुम्ही स्वतःला आचारीच म्हणवून घ्यायचात. एका वेळच्या मिश्रणाला मी बॅच म्हणायची, तुम्ही घाणा म्हणायचात. हळूहळू वहीतसुद्धा घाणा लिहिलं जायला लागलं. "घाणा सात, तात्या नाखूश" अशी एक नोंद परवा सापडली.

आपण करतो काय, हे मला कुणाला धड सांगता यायचं नाही. प्रिंटरची शाई म्हणजे बहुतेक पाणीच. साध्या कागदावर ती फुटते, प्लास्टिकवर ओघळते. म्हणून वर केसापेक्षाही पातळ असा एक थर द्यायचा, जो शाई झटकन पिऊन घेईल आणि तिथल्या तिथे धरून ठेवेल. चित्र दिसतं ते कागदावर नसतं, त्या थरात असतं. हे मी आईला, भावाला, बँकेतल्या साहेबांना सांगून दमले होते. तुम्ही ते एका वाक्यात केलंत. तुमच्या शेजारचे एक शेतकरी शेड बघायला आले होते, त्यांना तुम्ही म्हणालात, "पानी मुरलं पायजे, पर रान चिबडायचं न्हाय." पाणी साचून रान खराब होणं त्यांना ठाऊक होतं, त्यांनी लगेच मान हलवली. मी ते वाक्य नंतर पुण्यातल्या एका बैठकीत वापरलं. तुमचं नाव न घेता. ही सवय मला तेव्हापासूनच होती, हे आता लिहिताना लक्षात येतंय.

मग सुरेखाताई आल्या. भिगवणच्या, उजनीच्या पाण्यावर मासेमारी करणाऱ्या घरातल्या. सात-आठ बायकांचा त्यांचा गट. चिलापी, कटला निवडून, स्वच्छ धुऊन, बर्फात नीट लावून त्या क्रेट लांबच्या बाजाराला पाठवायच्या. क्रेटवर चिठ्ठी असायची, पण बर्फ वितळायला लागला की चिठ्ठीवरचं नाव पहिलं जायचं. बाजारात पोहोचेपर्यंत सगळे क्रेट बिननावाचे. त्या आठवड्यात दुसऱ्याच कुणाचा नासका माल त्यांच्या नावावर परत आला होता आणि व्यापाऱ्याने यापुढे तुमचा माल नको असं कळवलं होतं. त्यांनी एक छोटा प्रिंटर घेतला होता. तो पिशवीत घालून, एसटीने, मांडीवर ठेवून आणला होता.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. घरी छापता येईल आणि बर्फाच्या पाण्यात चार दिवस राहील असं लेबल.

मी समजावून सांगायला लागले की याच्यासाठी वेगळे प्रिंटर मिळतात, वेगळी शाई मिळते, या प्रिंटरच्या शाईने ते होणं कठीण आहे. मी अजून बोलतच होते, तेवढ्यात तुम्ही मागून म्हणालात, "व्हईल की."

प्रिंटर आपल्याकडे ठेवून त्या गेल्यावर मी तुम्हाला चांगलंच झापलं. मालक कोण, शब्द देणार कोण, हे सगळं बोलले. तुम्ही ऐकून घेतलंत, हात पुसलेत आणि विचारलंत, "मंग सुरवात कंदी करायची?"

त्यानंतरचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे दिवस होते, तात्या. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. सकाळी शेडकडे येताना मला गाडी हळू चालवता यायची नाही.

अडचण कळायला सोपी होती. शाईतल्या रंगावर ऋण भार असतो. तो पाण्यात सुटू नये म्हणून कोटिंगमध्ये धन भाराचं पॉलिमर घालायचं, म्हणजे ते रंगाला पकडून ठेवेल. पण शाई पिऊन घ्यायला सिलिका लागते, ती धुरासारखी हलकी पांढरी पूड, आणि पाण्यात कालवली की तिच्यावरही ऋण भारच येतो. त्यामुळे आपण सिलिका पाण्यात छान कालवायचो, वरून पॉलिमर सोडायचो आणि डोळ्यांदेखत सगळं फाटायचं. दही. अकरा घाणे झाले, अकरा वेळा दही. मी पॉलिमरचं प्रमाण कमी केलं, पाणी वाढवलं, सिलिका बदलली. तुम्ही प्रत्येक वेळी ढवळणी बाहेर काढून तिच्यावरच्या गुठळ्यांकडे बघत राहायचात आणि "लागलं बगा इरजन" म्हणून टाकी धुवायला घ्यायचात. टाकी तुम्ही दुसऱ्या कुणाला धुऊ द्यायचा नाहीत.

अकराव्या घाण्यानंतर आपलं भांडण झालं. तुम्ही म्हणालात, उलटं करून बघू. आधी पॉलिमर पाण्यात घेऊ, ढवळणी जोरात फिरवू आणि सिलिका वरून भुरभुरत सोडू. का, म्हणून मी विचारलं. तुम्ही म्हणालात, पिठलं करताना आधणात पीठ पेरतात आणि हलवत राहतात, पिठावर आधण ओतलं तर गुठळ्या होणारच. मी म्हणाले, रसायनशास्त्र म्हणजे स्वयंपाक नव्हे. शेवटी भांड्यात तेच आणि तेवढंच जाणार आहे, मग आधी काय आणि नंतर काय. तुम्ही म्हणालात, तुमी कंदी पिठलं केलंय का? मी केलं नव्हतं, आणि म्हणूनच जास्त चिडले. उलटं करायचं नाही, सिलिका फुकट जाते, असं मी स्पष्ट सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून मी गावी, लोणी भापकरला गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला आईच्या डोळ्यात थेंब घालत होते, तेव्हा तुमचा फोन आला. तुम्ही नमस्कार केला नाहीत, काही नाही.

"म्याडम, मी तुमचं ऐकलं न्हाय," तुम्ही म्हणालात. "दूध झालंय."

मी थेंबांची बाटली भावाच्या हातात दिली आणि निघाले. आई मागून काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या, त्यांच्या मागे मी हॉर्न वाजवत होते, जसं काही ते दूध मी पोहोचेपर्यंत नासणार होतं. शेडमध्ये शिरले तेव्हा तुम्ही टाकीवर झाकण धरून उभे होतात, कुणी बघू नये म्हणून. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

झाकण काढलंत. आत खरोखरच दूध होतं, तात्या. एक गुठळी नाही, एक कण नाही. तुम्ही पळी बुडवून वर धरलीत, तर धार अखंड, रेशमासारखी. मी म्हटलं, थोडा वेळ थांबू, बसेल खाली. तुम्ही म्हणालात, काल दुपारपासून हाय तसंच हाय. म्हणजे आदल्या दिवशी करून, रात्रभर वाट बघून, खात्री झाल्यावर मग तुम्ही फोन केला होता. एवढा दम तुम्हाला कसा धरवला? माझ्याच्याने झालं नसतं.

त्या दुधात थर धरून ठेवणारं, टाकीत शिजवलेलं दुसरं पॉलिमर मिसळलं. तार गुंडाळलेल्या दांडीने प्लास्टिकच्या फिल्मवर थर ओढायचं काम तुम्ही कधी मला करू द्यायचा नाहीत, त्या दिवशी दांडी तुम्ही माझ्या हातात दिलीत. माझा पहिला थर वाकडा आला. दुसरा तुम्ही ओढलात. वाळवला, सुरेखाताईंच्या प्रिंटरमध्ये घातला, छापला. "सुरेखा, भिगवण, चिलापी." काळ्या अक्षरांखाली निळी पट्टी. मी नळाखाली धरला. निळा रंग हलला नाही. मी अंगठ्याने घासला, जोरात घासला. नाही हलला.

मी काय केलं ते मला आठवत नाही. तुम्ही नंतर सांगायचात की मी ड्रमभोवती दोन फेऱ्या मारल्या. तुम्ही मात्र पालथ्या बादलीवर बसलात आणि हसत राहिलात, आवाज न करता, खांदे हलवत.

दुपारी कारण शोधायला बसले. कागदावर गोळे काढले आणि एकदम उलगडलं. सिलिकेत पॉलिमर सोडलं की पहिल्या थोड्याशा पॉलिमरवर सगळे कण तुटून पडतात आणि एकमेकांना चिकटतात. पण भरपूर पॉलिमरमध्ये सिलिका थोडी थोडी पेरली, तर प्रत्येक कणाला पॉलिमर लगेच चहूबाजूंनी गुंडाळतं. सगळ्या कणांवर एकच भार येतो, ते एकमेकांना दूर ढकलतात आणि गुठळी व्हायला जागाच उरत नाही. म्हणजे आधी काय आणि नंतर काय, हाच सगळा मुद्दा होता. मी हे तुम्हाला सांगितलं. तुम्ही पुन्हा सांगायला लावलंत. तिसऱ्यांदा तुम्हीच मला सांगितलंत, न अडखळता. पण तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं, हे एवढं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. मला वाटलं, ते कळलंच असेल.

आणि मग तो शुक्रवार. त्याबद्दल लिहायचं म्हणूनच मी हे सगळं लिहायला घेतलं असावं.

पुण्याहून एका कंपनीचे खरेदी अधिकारी आले. रोपवाटिकांना कुंडीत खोचायच्या, पाण्यात भिजल्या तरी टिकणाऱ्या पट्ट्या त्यांना हव्या होत्या. तुम्ही लेबल पाण्यात बुडवून दाखवलंत. ते थक्क झाले. त्यांनी विचारलं, हे दोन्ही एकत्र राहतं कसं, आमच्याकडे फाटतं, मिसळायची ही पद्धत कुणी काढली? पद्धत काय आहे ते त्यांना आपण सांगणार नव्हतोच. पण कुणी काढली, याचं उत्तर देता येण्यासारखं होतं. तुम्ही मिक्सरजवळ उभे होतात. आमचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून तुम्ही मिक्सर बंद केलात.

आणि मी म्हणाले, "मी."

त्या क्षणी मला ते खोटं वाटलं नव्हतं, हे तुम्हाला खरं सांगते. शेड माझी, प्रयोग माझे, कारण मी शोधलं, असं काहीतरी मनात होतं. शिवाय पिठल्याची गोष्ट सांगितली तर साहेब हसतील आणि माझ्या शिक्षणाला काय किंमत देतील, हेही होतं. तेच जास्त होतं. मिक्सर बंद होता. माझा शब्द सगळ्या शेडमध्ये ऐकू गेला. तुम्ही फडक्याने हात पुसत होतात ते पुसत राहिलात. साहेबांसाठी चहा तुम्हीच सांगितलात.

दोन दिवस तुम्ही कामापुरतं बोललात. मी रोज ठरवायची की आज विषय काढू. तिसऱ्या दिवशी आपण लेबल पहिल्यांदा बर्फात घातलं आणि दुसऱ्या दिवशी काढून बघितलं, तर रंग जागेवर होता पण अख्खा थरच फिल्मवरून सुटून आला होता, दुधावरची साय निघावी तसा. नवी अडचण आली आणि तुमचे डोळे चमकले. "आत्ता खरी गंमत हाय," तुम्ही म्हणालात. आपण दोघं त्या सायीवर वाकलो आणि माझा विषय पुन्हा राहून गेला.

हे कोडं मी सोडवलं, तात्या, आणि हे खरंच मी. फिल्मवर आधी एक चिकट अस्तर दिलं आणि थरातल्या पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना बांधणारं रसायन घातलं, ड्रायर दहा अंशांनी वाढवला. तुम्ही तीन दिवस ड्रायरच्या तोंडाशी घाम पुसत उभे होतात आणि प्रत्येक तुकड्याला जिभेला लावलेलं बोट टेकवत होतात. रसायन घातलंय, जिभेला बोट लावू नका, म्हणून मी ओरडत होते. मंगळवारी संध्याकाळी तुम्ही एक तुकडा माझ्यासमोर धरलात. बोट चिकटत नव्हतं, आणि तरी पाण्याचा थेंब टाकला की मुरत होता. उद्या याला बर्फात घालायचं, असं ठरवून आपण शेड बंद केली.

बुधवारी सकाळी तुमच्या मुलीचा फोन आला. आंघोळ करून बाहेर आलात आणि छातीत कळ आली. दवाखान्यापर्यंतही पोहोचला नाहीत.

नरसिंहपूरला संगमावर राख सोडायला तुमच्या घरचे गेले, तेव्हा मी मागे उभी होते. तुमच्या जावयाने राख पाण्यात सोडली आणि मी ती पाण्यात कशी पसरते हे बघत राहिले, कुठे गोळा होते, कुठे विरते. मग माझी मलाच लाज वाटली. मग वाटलं, तुम्हीही तेच बघितलं असतंत आणि घरी जाताना मला सांगितलं असतंत.

तेराव्यानंतर सुरेखाताई स्वतः शेडवर आल्या. तात्यांनी शब्द दिला होता, असं त्या एवढंच म्हणाल्या आणि बाकावर बसून राहिल्या. ड्रायरवर तुम्ही मंगळवारी काढलेला रोल तसाच होता. त्यातूनच लेबलं कापली, छापली. त्यांनी ती आपल्या क्रेटवर लावली, बर्फ भरला आणि एकदा बघा म्हणून त्याच व्यापाऱ्याकडे क्रेट रवाना केले. मी मात्र चार लेबलं शेडमध्ये बर्फाच्या डब्यात ठेवली आणि चार दिवस दुसरं काहीही केलं नाही. तासातासाला झाकण उघडायची.

चौथ्या दिवशी मी काढण्याआधीच सुरेखाताईंचा फोन आला. त्या एवढ्या भरभर बोलत होत्या की मला तीनदा विचारावं लागलं. बाजारातून व्यापाऱ्याने फोन केला होता. तिथे पंधरा वर्षं त्यांचा माल जातोय आणि आजपर्यंत तो त्यांच्याशी 'भिगवणवाली' म्हणून बोलायचा. आज म्हणाला, सुरेखाबाई, हा क्रेट तुमचाच ना, असाच माल परवा पाठवा. मी फोन कानाला लावूनच डबा उघडला. चारही लेबलं जशीच्या तशी. मी तुम्हाला हाक मारली, तात्या. मोठ्याने मारली. शेडमध्ये कुणी नव्हतं हे बरं झालं.

त्याच आठवड्यात पेटंटचं काम बघणाऱ्या बाईंचा पुण्याहून फोन आला. पद्धत नोंदवायला हवी, मी अर्ज भरते, असं त्या म्हणाल्या. शोध कुणाचा, हा त्यांचा दुसराच प्रश्न होता. मी म्हणाले, दोघांचा, पण पहिलं नाव तात्यांचं लिहा. तात्या म्हणजे कोण, त्यांनी विचारलं. मारुती, असं सांगून मी वडिलांचं नाव, आडनाव सांगितलं. त्यांनी शिक्षण विचारलं नाही, मीच आपली उत्तर तयार ठेवून बसले होते. तुम्ही हयात नाही हे कळल्यावर त्या म्हणाल्या, तरीही नाव लागतं, फक्त वारसाची सही आणा.

म्हणून परवा दुपारी मी तुमच्या घरी गेले. काकी ओसरीवर तुरी निवडत बसल्या होत्या. मी कागद पुढे ठेवले आणि कशाचे आहेत ते सांगितलं. मग शुक्रवारची गोष्ट सांगितली. साहेबांनी काय विचारलं, तात्या कुठे उभे होते आणि मी काय उत्तर दिलं, सगळं, काही न गाळता. सांगताना मी त्यांच्याकडे बघू शकले नाही, सुपातल्या तुरींकडे बघत बोलत होते.

"मला म्हाईत हाय," काकी म्हणाल्या.

मी वर बघितलं.

"त्या दिशी घरी आले ते जेवले न्हाईत. मी इचारलं तर म्हनले, मी केलं म्हनली ती. लई लागलं त्येंच्या मनाला. मी म्हनलं, मंग सोडा की काम, कशापायी जायाचं? तर माझ्यावरच आवाज चढिवला. म्हनले, सोडू कसं, अजून त्ये बर्फात ठिवायचंय."

तुम्हाला लागलं नव्हतं, तुमच्या लक्षातही आलं नव्हतं, असं मी किती वेळा स्वतःला सांगितलं होतं. तुमच्या लक्षात आलं होतं, तुम्ही उपाशी झोपलात आणि दुसऱ्या दिवशी साडेआठच्या ठोक्याला शेडच्या दारात होतात. माझ्यासाठी आला नव्हतात हे मला आता कळतंय, आणि त्याने मला वाईट वाटत नाही. खरं सांगू, अभिमान वाटतो. त्या कामाची तुम्हाला लागलेली ओढ माझ्या एका शब्दाने तुटण्यातली नव्हती.

तुमचं बरोबर होतं, तात्या. माझं चुकलं. पिठल्यावरून भांडलो त्या दिवशीही आणि त्या शुक्रवारीही.

काकींनी सही केली. सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं काढत, तीन ठिकाणी. कागद माझ्याकडे सरकवले आणि मग विचारलं, "मंग, ऱ्हायलं का त्ये बर्फात?"

"चार दिवस राहिलं, काकी. रंग नाही हलला आणि थरपण नाही सुटला."

त्यांनी सूप बाजूला केलं. पाय लांब करून, भिंतीला टेकून बसल्या.

"समदं पयल्यापास्नं सांग, पोरी," त्या म्हणाल्या. "रोज सांजच्याला त्ये सांगत बसायचे आन् मी निम्मंच ऐकायची."

मग मी सांगायला लागले. त्यांना पॉलिमर म्हणजे काय ते सांगितलं, अकरा वेळा दही कसं झालं ते सांगितलं, लोणी भापकरहून मी कशी गाडी हाणली ते सांगितलं. मध्ये त्यांनी दोनदा थांबवून विचारलं, एकदा हसल्या. पाचची एसटी रस्त्यावरून गेली, मग सहाची गेली. शेजारच्या बाई कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या, काय भांडण चाललंय ते बघायला, कारण बोलता बोलता माझा आवाज फार चढला होता, तात्या, समोर मिक्सर चालू असल्यासारखा.